तिरपा शब्द

चोपड्याच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर
वनस्पतिशास्त्राच्या लॅबला पंखा आहे, वीज नाही.
मोबाईलच्या उजेडात परीक्षकाचं पत्र वाचते.
परीक्षक क्रमांक दोन. नाव नाही, गाव नाही.
लिहितो: 'चरका' हा शब्द कोणत्याही कोशात सापडत नाही.
आधार द्या, नाहीतर काढून टाका.

आधार म्हणजे झावरू कोळी.
अनेरच्या काठी साडेतीन हजार खोडं.
डिसेंबरच्या पहाटे त्याने पोंगा उकलून दाखवला,
कडेने पिवळा, आत ओल्या फडक्यासारखा.
"हिवायामा चरका लागस, बाई."
इतकंच म्हणाला.
याला वर्ष कुठलं टाकू, पृष्ठ कुठलं?

मी काढून टाकला.
थंडीची इजा, असं इंग्रजीत लिहिलं.
हात बसला की थांबत नाही:
कांदेबाग गेला, मृगबाग गेला,
त्यांच्या जागी ऑक्टोबर आणि जून.
हरण्या गेला, त्याच्या जागी विषाणूची तीन अक्षरं.
बागेत पिलं कापतानासुद्धा
एक राखतात, पुढच्या सालासाठी.
मी एकही राखलं नाही.

मग शुल्क.
लेख सगळ्या जगाला फुकट वाचता यावा
म्हणून लेखकाने भरायचे तीन हजार डॉलर.
त्या आठवड्यात केळीचा भाव क्विंटलला नऊशे.
कॅलेंडरच्या मागे हिशेब केला:
जवळपास दोन ट्रक माल,
हमाली सोडून.

नालुबेगाला लिहिलं, कंपालाला.
आमची ओळख एका ऑनलाइन चर्चासत्रातली,
दोघींचे आवाज एकाच वेळी बंद पडले होते.
तिच्या आजीचा लुसुकू होता. तिकडे केळीच्या बागेला लुसुकू म्हणतात.
शिजवायची केळी वेगळी, भाजायची वेगळी, दारूची वेगळी,
आणि प्रत्येक जातीला हाक मारता येईल असं नाव.
प्रबंधात त्यांचे क्रमांक झाले. एक ते सत्तेचाळीस.
त्यावरचा लेख दूरच्या एका थंड शहरात छापला गेला
आणि तिच्याच विद्यापीठाला तो विकत घेणं परवडत नाही.
विचारते, तुझ्याकडे आहे का गं माझा लेख?

परीक्षकाला शिव्या देऊन मोकळी झाले असते.
पण सुधारलेली प्रत घेऊन झावरूकडे गेले होते.
त्याने पानं उलटली, वास घेतला, परत उलटली.
"मन्हा शब्द कोठे शे यामा?"
मी आभाराच्या ओळीवर बोट ठेवलं,
स्थानिक शेतकऱ्यांचे सहकार्य.
बोटाखाली तो नव्हता.
मग त्याला समजावलं, मराठीत,
शुद्ध, वर्गात बोलते तसं.
तो मान हलवत राहिला.
ती मान माझ्या ओळखीची होती.
परीक्षकापुढे मी अशीच हलवते.

नालुबेगाचं उत्तर आलं:
इथे असली थंडी कधी पडत नाही,
तरी शब्द पाठव. लिहून नको, आवाजात.
झावरूने फोनमध्ये तीनदा म्हटला.
मागे मोटारीची घरघर, मध्ये एक खोकला,
तिसऱ्यांदा तर इतका मोठ्याने
जणू कंपाला अनेरच्या पलीकडच्या काठावर आहे.
तिच्या विद्यार्थ्यांनी परत पाठवला: चलका.
त्यांच्या जिभेवर तिथे र चा ल होतो.
झावरू दिवसभर हसला.
मीही दुरुस्त केला नाही.

काल रात्री परीक्षकाला उत्तर लिहिलं.
आधार: झावरू कोळी, अनेरकाठ, तोंडी, डिसेंबर.
कांदेबाग परत घातला. मृगबाग, हरण्या, सगळे.
खाली एक ओळ: हे शब्द सरळ छापावेत,
परके असल्यासारखे तिरपे नकोत.
शुल्काबद्दल काही लिहिलं नाही.
दोन ट्रक कुठून आणू?

त्यांच्याकडून अजून काही नाही.
आज पहाटे चोपड्यात सात अंश.
झावरूचे दोन मिस्ड कॉल.